चिंगी अजून फाटकापाशी जाते

डॉक्टर,

काकूंनी पेपरात दिलेल्या निधनवार्तेत पत्नी म्हणून त्या स्वतः आहेत, मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. चिंगी नाही. मी काकूंना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, त्यांच्या पश्चात एक कुत्री आहे असं छापायचं का? लोक काय म्हणतील?" तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लोकांना म्हणू द्या, फक्त शुद्धलेखन बघून घ्या."

तुमच्याबद्दल चार बऱ्या गोष्टी लिहाव्यात म्हणून बसले होते. पण खरं सांगू का, मला आधी तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय. पुढच्या रविवारी बघू म्हणालात आणि बुधवारी गेलात. भांडणातून असं उठून जाणं तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही.

आपली ओळख माझ्या दाढेमुळे झाली. अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले होते, हिंजवडीतल्या कंपनीत दिवसभर स्क्रीनकडे बघत बसायचे, आणि घरी लाडू नावाचा लॅब्रॅडॉर माझ्याकडे बघत बसायचा. दाढ ठणकायला लागली तेव्हा कुणीतरी टिळक रोडच्या आतल्या गल्लीतला तुमचा दवाखाना सांगितला. तुम्ही माझ्या तोंडात कापूस कोंबलात, कुर्त्यावरचे केस बघितलेत आणि विचारलंत, "लॅब्रॅडॉर का?" मी मान हलवली. "जाडा असेल." मी पुन्हा मान हलवली. मग दाढ कोरता कोरता तुम्ही मला फ्लायबॉल समजावून सांगितलात. दोन संघ, शेजारी शेजारी दोन पट्टे, प्रत्येक संघात चार कुत्री. एकेका कुत्र्याने चार अडथळे ओलांडत पळायचं, टोकाच्या पेटीवर पाय मारायचा, पेटीतून उडालेला चेंडू तोंडात धरायचा आणि तेच अडथळे ओलांडत आपल्या माणसाकडे परत यायचं. तो रेषेवर पोचला की पुढच्याने सुटायचं. ज्यांची चारही कुत्री आधी परत येतील ते जिंकले. "रविवारी सकाळी या," म्हणालात. "नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा." तोंडात कापूस असलेल्या बाईने नाही कसं म्हणायचं? मी आले. त्या रविवारनंतर या शहरात मला एकटं वाटलं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

खेळायची जागा बाळासाहेबांची होती, हिंजवडीच्या पुढे, चहूबाजूंनी इमारती उठलेल्या आणि मध्ये हा एक तुकडा त्यांनी न विकता ठेवलेला. त्यांची कवळी तुम्ही बसवलेली, त्यामुळे तुमच्या शब्दाबाहेर ते नव्हते. पहिल्या दिवशी बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. मग म्हणाले, "डॉक्टर, ह्यांना चोर धराय शिकवताय व्हय?"

"नाही. चेंडू आणायला."

"आन् आणल्यावर?"

"आणल्यावर काही नाही. टाकून द्यायचा. मग दुसऱ्याने पळायचं."

बाळासाहेबांनी रस्त्यावर खोळंबलेल्या कंपन्यांच्या बसगाड्यांकडे बघितलं. "मंग बरंय. हितं समदे त्येच करत्यात." माझ्याकडे बघून तुम्ही जे हसलात, ते मला अजून आठवतं.

आपल्या संघाला कुणी कधी हरवू शकलं नाही, कारण दुसरा संघच नव्हता. तरी दर रविवारी तुम्ही चुन्याने दोन पट्टे आखायचात. एकावर आपली कुत्री पळायची, दुसरा मोकळा. मी एकदा म्हटलं, "अहो, चुना कशाला वाया घालवता?" तर म्हणालात, "उद्या कोणी आलं तर? त्यांना काय सांगू, जागा नाही?" इतकी वर्षं तो पट्टा तसाच पांढरा आखलेला राहायचा आणि दुपारपर्यंत बाळासाहेबांच्या कोंबड्या त्याच्यावरून फिरायच्या.

पहिली पेटी तुम्ही जुन्या पद्धतीची केली होतीत. परदेशातही सुरुवातीला अशाच होत्या म्हणे. एक दांडा, त्याच्या टोकाला वाटी, वाटीत चेंडू. कुत्र्याने फळी दाबली की दांडा उलटायचा आणि चेंडू हवेत. आपला पहिला चेंडू बाळासाहेबांच्या जीपच्या काचेवर गेला. दुसरा लाडूने हवेत झेलला आणि तो असा काही खाली आला की पुढचा पाय धरून बसला. तुम्ही त्याचा पाय हातात घेतलात, पेटीकडे बघितलंत आणि त्याच दिवशी ती मोडलीत. मग कितीतरी आठवडे आपण नुसतं अडथळ्यांवरच भागवलं. नवी पेटी आली ती उतरत्या फळीची. कुत्रा तिच्यावर चारही पाय टेकतो आणि पोहणारा भिंतीला पाय लावून वळतो तसा वळतो, खांद्याला हिसका बसत नाही. फळीवर रबर म्हणून काकूंची योगाची चटई चिकटवली होतीत. काकू ती अजून शोधत होत्या. परवा मी सांगून टाकलं. "खेळ वेगाने वाढला असं लोकांना वाटतं," तुम्ही म्हणायचात, "तो वाढला कुत्र्यांचे खांदे वाचवायची अक्कल आल्यावर."

मग तुम्हाला रेषेवर दिवे हवे झाले, कारण एक कुत्रा आत येताना दुसरा लवकर सुटला की नाही यावरून आपलीच आपल्याशी भांडणं व्हायची. बुधवार पेठेत आपण दोघं त्या दिव्यांसाठी दुकानं पालथी घालत होतो. एका दुकानात तुम्ही अगदी सविस्तर सांगितलंत, कुत्रा आला की लाल, गेला की हिरवा. दुकानदार पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "कुत्र्यालाच पाठवा. त्याला नीट सांगता येईल." बाहेर येऊन मी चिडले होते आणि तुम्ही खूश होतात. म्हणालात, "चला, शहर अजून शाबूत आहे."

चिंगी तुम्हाला दवाखान्याच्या जिन्याखाली सापडली. गावठी, करड्या रंगाची, एक कान उभा, एक पडलेला, उंची माझ्या गुडघ्याच्याही खाली. संघातल्या काहींना ती नको होती. बॉर्डर कॉली या चपळ विलायती जातीची कुत्री असलेल्यांनी तर तोंडच वाकडं केलं. तेव्हा तुम्ही त्यांना नियम ऐकवलात: अडथळ्यांची उंची संघातल्या सगळ्यात बुटक्या कुत्र्याच्या मापाने ठरते. ती आली म्हणजे चौघांचेही अडथळे खाली येणार. दुसऱ्या रविवारपासून सगळे चिंगीला घरून चिकन आणायला लागले. माझा लाडू तर तिच्यामुळेच संघात टिकला, नाहीतर त्याच्या पोटाला कुठला अडथळा झेपणार होता! "तुमच्या कंपनीत हा नियम लावून बघा," असं तुम्ही मला दर वेळी म्हणायचात. मी ऑफिसात खरंच एकदा सांगितलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

नवीन येणारा प्रत्येक जण आधी पेटी मागायचा. सगळी गंमत पेटीची, कुत्र्याने पाय मारला की चेंडू उडतो, फोटो काढता येतो. तुम्ही महिना महिना पेटीला हात लावू द्यायचा नाहीत. कुत्र्याला आधी शेवटच्या अडथळ्यापाशी न्यायचं, माणसाने रेषेवर उभं राहून हाक मारायची. मग दोन अडथळे, मग तीन, मग चार. "जायला काय, कोणीही शिकतं," म्हणायचात. "परत यायला आधी शिकवावं लागतं." मला हे फार लांबण लावणं वाटायचं आणि मी तसं तोंडावर म्हणायचेही. लाडू मात्र तुमच्याच पद्धतीने शिकला. मागच्या दिवाळीत फटाक्याला बिचकून तो गल्लीतून पळाला होता, आणि मी त्या वेड्यासारख्या गर्दीत एक हाक मारली तर परत आला. त्या दिवशी मी तुम्हाला फोन करून नुसती रडले. तुम्ही म्हणालात, "फोन ठेवा आणि त्याला आधी काहीतरी खायला द्या."

परत आलेल्या कुत्र्याला चेंडूचं काहीच नसतं, हेही तुम्हीच शिकवलंत. त्याला ओढाओढी हवी असते, आपल्या माणसाबरोबर. म्हणून प्रत्येकाने आपापली दोरी आणायची. तुम्ही दवाखाना बंद केलात तेव्हा तुमचे पांढरे कोट फाडून त्यांच्या पट्ट्यांची वेणी घातलीत. ती वेणी कितीही धुतली तरी तिला लवंगेच्या तेलाचा वास यायचा. चिंगी चौथ्या अडथळ्यावरून उडी मारायची, तुम्ही वेणी हलवत मागे मागे पळायचात, या वयात, त्या खडकाळ जमिनीवर, आणि ती चेंडू टाकून वेणीला लोंबकळायची. तेव्हा तुमच्या तोंडून जे आवाज निघायचे ते तुमच्या पेशंटनी ऐकले असते तर दुसरा डॉक्टर बघितला असता.

आता भांडण.

मी तुम्हाला कितीदा सांगितलं होतं, प्रत्येक कुत्र्याला परत यायला दोन माणसं हवीत. एक आजारी पडलं, एक गावाला गेलं, तर कुत्र्याने काय करायचं? लाडूला मी तुमची सवय लावली, तुम्ही बोलावलंत तरी तो येतो. बाकीच्यांनीही लावली. फक्त तुम्ही नाही. "चिंगी माझ्याकडे येईल," म्हणायचात.

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तर ती पळणार नाही. ती नसली तर मीही पळत नाही."

तुमचं बोलणं नेहमी असं असायचं, दार लावून घेतल्यासारखं. मला राग यायचा. मला हेही कळायचं की तुम्हाला कुणीतरी फक्त तुमच्यासाठी धावत येणं आवडत होतं. तीस-पस्तीस वर्षं लोक तुमच्याकडे घाबरत घाबरतच आले होते. म्हणून मी फार ताणलं नाही.

शेवटी त्या रविवारी तुम्ही कबूल झालात. रेषेवर मी उभी राहायचं, तुम्ही फाटकामागे लपायचं. वेणी माझ्या हातात द्यायला हवी होती, पण ती तुम्ही खिशातच ठेवलीत, विसरलात म्हणालात. चिंगी सुटली, पेटीवर वळली, चेंडू घेऊन परत आली. मी ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. तिने मला ओलांडलं, क्षणभर थांबून हवेत नाक केलं आणि सरळ फाटकाकडे गेली. पत्र्याच्या फाटकामागे तुम्ही होतातच. तिथे तुम्ही गप्प बसायला हवं होतं, डॉक्टर. तिच्याकडे बघायचंही नव्हतं. हे तुम्ही आम्हाला हजार वेळा सांगितलं होतं, की कुत्र्याने चुकीचं केलं की बक्षीस नाही, कारण ज्याला बक्षीस मिळतं ते तो पुन्हा करतो. आणि तुम्ही काय केलंत? वेणी बाहेर काढलीत. तिला उचलून गरागरा फिरवलंत. "शोधलंन् मला! शोधलंन्!" सगळ्या प्लॉटला ऐकू जाईल असं ओरडत होतात.

मी म्हटलं, "सगळं मातीत घातलंत."

"अहो, एकदाच."

"तुमच्याच शाळेतला नियम आहे, एकदाच पुरतं."

"पुढच्या रविवारी नीट करू. तुमच्या हातात वेणी देतो, बास?" एवढं बोलून तुम्ही तिला गाडीत घातलंत. ते आपलं शेवटचं बोलणं.

बुधवारी काकूंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. हॉस्पिटलमध्ये पोचले तर सगळं होऊन गेलं होतं. छातीत दुखतंय म्हणून तुम्ही स्वतः रिक्षा बोलावलीत, चिंगीला दार लावून आत ठेवलंत आणि गेलात, असं काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या. तिने तुम्हाला जाताना बघितलं, तेवढंच. माणसांना आम्ही सगळं सांगितलं. तिला कुणी, कसं सांगणार? घरी लोकांची ये-जा चालली होती, ती प्रत्येक चपलेचा वास घेत होती.

दहाव्याला नदीकाठी कावळा शिवेना. मुलाने हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. सुनेने सांगितलं. काकूंनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. कावळे झाडावर होते, बघत होते, उतरत नव्हते. तुमचा स्वभाव माहीत असलेले सगळे आपापसात कुजबुजत होते, यांना कशावर हरकत असेल याचा नेम नाही. शेवटी काकू माझ्याकडे वळल्या, "तू बोल गं. कुत्रीचं बोल." मी पुढे झाले. एवढ्या लोकांत, गुरुजींच्या समोर, मी मोठ्याने म्हटलं, "चिंगी माझ्याकडे राहील. मी तिला माझ्याकडे परत यायला शिकवीन." आता येईल, आता येईल म्हणून सगळे वर बघत राहिलो. एकही आला नाही. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. परतताना काकू म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस, यांचा कुणावरच विश्वास नव्हता." मी मनावर घेतलं. तुम्हाला माहीत होतं, मला ते जमणार नाही.

आणि नाहीच जमलं. चिंगी माझ्याकडे नीट राहते. खाते, लाडूच्या अंगावर डोकं ठेवून झोपते, मी कामावरून आले की शेपटी हलवते. काकू मुलाकडे जाताना तुमची वेणी मला देऊन गेल्या आहेत. पण मैदानावर ती माझी नाही. दर रविवारी पळते, सुरेख वळते, चेंडू घेऊन परत येते, मला ओलांडते आणि फाटकामागे जाते. तिथे बाळासाहेबांच्या पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही. ती टाकीच्या मागे बघते, बाजूला बघते, मग चेंडू तोंडात धरून रस्त्याकडे तोंड करून बसते. चेंडू सोडत नाही. वेणी पुढे केली तर नाक लावते आणि मान फिरवते. मी तुमच्यासारखं म्हणून बघितलं, "मोठा आ करा." जबडा आणखी घट्ट झाला. ती काही चुकत नाहीये, डॉक्टर. तुम्ही रेषेवर नसलात की फाटकामागे असता, हे तुम्हीच तिला शिकवलंत. तुमचा शेवटचा धडा तिने पाठ केलाय. तो पुसायचा कसा, हे तुम्ही कुणालाच सांगितलेलं नाही.

आजचं सांगते. आज दुसरा पट्टा मोकळा नव्हता. खराडीकडच्या काही मंडळींनी नवा संघ केलाय, त्यांनी तुमच्या मोबाइलवर फोन केला होता. तो काकूंनी उचलला आणि मला नंबर पाठवला. सकाळी सहा-सात गाड्या आल्या, कुत्री उतरली, केवढा गलका! चुना मी आखला. माझ्या रेषा वाकड्या आल्या, तुम्ही बोलला असतात. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं, "हे सगळं कोणी सुरू केलं?" बाळासाहेब म्हणाले, "डॉक्टर व्हते आमचे. लई खोडीचा माणूस." आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले.

चिंगीला काढावं की काय, असा विचार होता. पण तिला काढलं तर अडथळे वर जातात, लाडू बाद होतो, संघच उरत नाही. म्हणून तिला चौथी ठेवली. आणि मग मी एक ठरवलं. रेषेवर दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं, तुमची वेणी घेतली, तिच्यावर लवंगेचं तेल ओतलं, आणि फाटकामागे जाऊन मीच लपले. म्हटलं, ती तिथेच येणार असेल तर तिथे कुणीतरी असू दे.

पत्र्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. दोन्ही पट्ट्यांवर कुत्री, दिवे लाल, हिरवे, तुम्ही इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीत ते अगदी तसंच. चिंगी सुटली तेव्हा आपण किंचित मागे होतो. पेटीवरून ती अशी वळली, डॉक्टर, की त्यांचीसुद्धा माणसं ओरडली. चारही अडथळे, रेषा, दिवा. तिची धाव नियमात बसली, कारण रेषेनंतर ती कुठे जाते ते खेळात मोजत नाहीत. आपण जिंकलो. तिकडे सगळे नाचत होते आणि ती पळतच होती, माझ्याकडे.

वास तिला लांबूनच आला असणार. तुम्ही गेल्यापासून पडलेला तिचा तो उभा कान पुन्हा उभा राहिला. शेपटी नाही, सगळं अंगच हलत होतं. ती फाटकाला वळसा घालून आली. मी वेणी हलवली. तिने मला बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. मग टाकीच्या मागे जाऊन आली, पुन्हा मला बघितलं, आणि चेंडू तोंडात तसाच धरून माझ्याशेजारी रस्त्याकडे तोंड करून बसली.

मी रेषेवर उभी राहून झालं, फाटकामागे उभी राहून झालं. आता कुठे उभी राहू, तेवढं तरी सांगा.